बाटलीतलं पाणी नको, नळीतली बुळबुळ तपासा



ड्रीपर बंद पडायला लागले की आपल्याकडं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. शेवटाची टोपी काढायची, फ्लश मारायचा, काळंबेरं पाणी निघालं की समाधान मानायचं. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग दुकानातून ॲसिडचा कॅन येतो. जरा चौकस शेतकरी असला तर बाटलीभर पाणी तपासायला पाठवतो. आमच्या शिवारातल्या एका डाळिंबवाल्यानं असंच पाठवलं होतं. रिपोर्ट आला की पाण्यात विशेष काही नाही. पाईप मात्र बंदच. त्याला कुणी विचारलंच नाही की बाबा, नळी कापून आत बोट फिरवलंस का.

माझं म्हणणं एवढंच आहे. तपासायची वस्तू पाण्यात नसतेच, ती भिंतीला चिकटलेली असते. ती खरवडून काढल्याशिवाय केलेली तपासणी म्हणजे गोठ्याच्या बाहेर उभं राहून गाई मोजण्यासारखं आहे. नमुना कसा काढायचा हे जोवर कुणी नीट शिकवत नाही, तोवर डीएनए टेस्ट, पीसीआर अशा मोठ्या शब्दांचा आपल्याला काही उपयोग नाही.

प्रवरेच्या घाटावर पाय घसरतो तो कशानं? दगडावरच्या बुळबुळीनं. वरून भंडारदऱ्याचं आवर्तन जातं, पावसाळ्यात पूर जातो, दगडावरची बुळबुळ काही जात नाही. या थराला शास्त्रज्ञ बायोफिल्म म्हणतात. जिवाणू एकेकटे पाण्यात पोहत राहण्यापेक्षा कशाला तरी चिकटतात, स्वतःभोवती डिंकासारखा पदार्थ सोडतात आणि त्या डिंकात वस्ती करून राहतात. कॅनडातल्या बिल कॉस्टर्टन आणि त्यांच्या सोबत्यांनी डोंगरी ओढ्यांमध्ये हेच पाहिलं होतं. वाहत्या पाण्यात जिवाणू थोडे आणि दगडावर चिकटलेले कितीतरी जास्त. १९७८ साली त्यांनी यावर लेख लिहिला आणि तिथून हा विषय मोठा झाला. आपली १६ एमएमची लॅटरल म्हणजे तसाच एक ओढा. फरक एवढाच की ती काळी असल्यामुळं आतलं दिसत नाही.

याच्याही कितीतरी आधीची एक गोष्ट मला फार आवडते. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात लेवेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी होता. कॉलेज शिकलेला नव्हता, पण भिंगं स्वतः घासून बनवायचा. १६८३ साली त्यानं स्वतःच्या दातावरचं किटण खरवडून भिंगाखाली धरलं आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. नुसती लाळ पाहून त्याचं भागलं नाही, त्यानं खरवडलं. हे महत्त्वाचं. पुढं त्यानं दातांना व्हिनेगर लावून पाहिलं, तर वरचे जीव मेले आणि किटणाच्या आतले जिवंत राहिले. आपण लॅटरलमध्ये क्लोरीन सोडतो तेव्हा नेमकं हेच होतं. वरचा पापुद्रा मरतो, खालची वस्ती तशीच राहते आणि आठ-दहा दिवसांत पुन्हा वर येते. सव्वातीनशेहून जास्त वर्षांपूर्वी कापडवाल्याला दिसलेली गोष्ट आपल्याला डोस लिहून देणाऱ्याला दिसत नाही, याला काय म्हणायचं?

आता डीएनएकडं येतो.

कोणता जिवाणू आहे हे ओळखायचं तर त्याचा डीएनए लागतो. पीसीआर यंत्र काय करतं, तर सापडलेल्या तुकड्याच्या नकला काढतं. प्रत्येक फेरीला दुप्पट. हिशोबानं ३० फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींवर नकला होतात. म्हणजे यंत्राची नजर लई बारीक आहे. तिथं कमी पडत नाही. कमी पडतं ते आधी, बांधावर, नमुना घेणाऱ्या हातात. २०२० साली कोरोनात आपण सगळ्यांनी हे बघितलंय. काडी नाकात नुसती घालून काढली की पॉझिटिव्ह माणूस निगेटिव्ह यायचा, आणि नीट आतपर्यंत नेऊन फिरवली की डोळ्यांत पाणी यायचं, पण रिपोर्ट खरा यायचा. यंत्र तेच, फरक काडी फिरवण्यात.

झाडातून नमुना घेणं त्या मानानं सोपं आहे. टोमॅटो अचानक मान टाकून सुकला तर त्याचं खोड कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात धरा. जिवाणूजन्य मर असेल तर थोड्या वेळात कापातून दुधासारखी बारीक धार खाली उतरते. जिवाणू आपणहून बाहेर येतात. नळी, टाकी, कात्री, क्रेट, शेततळ्याचा कागद, दुधाचा कॅन, यांच्यावरची बुळबुळ मात्र आपणहून येत नाही. तिला काढावं लागतं आणि काढायच्या रीती आहेत.

कोरडी कापसाची काडी फिरवणं ही सगळ्यात कच्ची रीत. कोरडी काडी थर नीट उचलत नाही, आणि उचललेलं बरंचसं कापसातच अडकून बसतं. काडी आधी निर्जंतुक पाण्यात ओली करावी, दाबून, गोल फिरवत, आडवी-उभी घासावी. कापसापेक्षा नायलॉनच्या बारीक केसांची काडी बरी, ती धरलेलं सोडते. पण थर जुना असेल, क्षार धरलेला असेल, तर काडीनं भागत नाही. तिथं निर्जंतुक पातं घेऊन खरवडावं लागतं, नाहीतर नवा कडक ब्रश. त्याहून चांगलं म्हणजे नळीचा तुकडाच कापून द्यावा. ओळीच्या शेवटाकडचा घ्यावा, कारण तिथं पाण्याचा वेग कमी आणि साठा जास्त. प्रयोगशाळेत तो तुकडा उभा चिरून काचेच्या मण्यांबरोबर हलवतात, किंवा अल्ट्रासोनिक भांड्यात ठेवतात. सोनाराकडं दागिने धुवायला असतं तसलंच यंत्र. त्यातही प्रमाण आहे. जास्त वेळ ठेवलं की पेशी तिथंच फुटतात आणि डीएनए धुवणाच्या पाण्याबरोबर मोरीत जातो.

किती जागा खरवडली हेही लिहावं लागतं. १६ एमएम लॅटरलचा आतला व्यास १४ मिलिमीटर धरला तर आतला घेर साधारण ४.४ सेंटिमीटर होतो. म्हणजे ६ सेंटिमीटरचा तुकडा पूर्ण खरवडला की सुमारे २५ चौरस सेंटिमीटर झाले. कॅनवर किंवा शेततळ्याच्या कागदावर ५ बाय ५ चा चौकोन आखून घ्या, तेवढंच होतं. दरवेळी तेवढीच जागा घेतली तर औषध सोडण्याआधीचं आणि नंतरचं ताडून बघता येतं. नाहीतर एकदा बोटभर आणि एकदा वीतभर खरवडायचं आणि म्हणायचं जिवाणू वाढले!

आता त्या डिंकाबद्दल. डाळिंबावरचा तेल्या ज्या जिवाणूनं येतो तो झॅन्थोमोनास. त्याच कुळातल्या दुसऱ्या जातीपासून कारखान्यात झॅन्थन गम बनवतात, जो आइस्क्रीम आणि सॉसला घट्टपणा आणायला वापरतात. म्हणजे हे कुळच डिंक करणारं. हा डिंक आपल्याला बागेत त्रास देतो तसा प्रयोगशाळेतही देतो. डीएनए वेगळा काढताना तोही बरोबर येतो, द्रावण शेंबडासारखं होतं आणि पीसीआर अडतं. रिपोर्टात मग 'आढळले नाही' असं येऊ शकतं, आणि आपण समजतो की बाग निरोगी. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत मिठाचं प्रमाण वाढवून, सीटॅब नावाचं रसायन घालून डिंक आधी मागं ठेवतात. शेणखताचं, ह्युमिकचं पाणी असेल तरी तसंच. ह्युमिक ॲसिड पीकाला चांगलं, पीसीआरला वाईट. ड्रीपमधून ह्युमिक सोडलं असेल तर नमुन्याच्या चिठ्ठीवर तसं लिहायला पाहिजे. आजवर मला एकही फॉर्म दिसला नाही ज्यात हे विचारलंय.

या डिंकाच्या भिंतीत कॅल्शियम सिमेंटसारखं काम करतं. ते ओढून घेतलं की भिंत ढिली होते. त्यासाठी वापरतात ईडीटीए. हो, आपल्या चिलेटेड झिंकच्या पुड्यावर लिहिलेलं असतं तेच. ईडीटीए दुसरंही एक काम करतं. डीएनए कापणारी जी पाचकद्रव्यं असतात त्यांना मॅग्नेशियम लागतं, ते ईडीटीए धरून ठेवतं, त्यामुळं डीएनए टिकतो. पण म्हणून कुणी झिंकचं पुडकं नमुन्यात टाकू नका. त्या ईडीटीएचा हात आधीच झिंकनं धरलेला असतो, कॅल्शियमला धरायला तो मोकळा नाही. ते काम प्रयोगशाळेचं, त्यांनाच करू द्या.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो वेळेचा. आधी ॲसिड, मग ब्लिचिंग, मग दोन दिवसांनी नमुना, असा आपला क्रम असतो. हा क्रम उलटा पाहिजे. तीव्र ब्लिचिंग डीएनएच मोडतं, तीव्र ॲसिडही त्याची मोडतोड करतं. मग टेस्टला सापडणार काय? आणि डोस हलका पडला तर उलटाच प्रकार. जिवाणू मेलेले असतात पण त्यांचा डीएनए थरात अडकून राहतो. टेस्टला मेलेला आणि जिवंत यातला फरक कळत नाही, ती 'आहे' म्हणूनच सांगते. शिवाय या थराच्या डिंकातच मोकळा डीएनए विणलेला असतो, हे २००२ सालच्या एका प्रयोगानं दाखवलंय. डीएनए कापणारं पाचकद्रव्य घातलं तर कोवळा थर सुटून आला होता. सांगायचं कारण असं की औषधानंतरच्या नुसत्या डीएनए रिपोर्टावर विश्वास ठेवून आणखी चार कॅन ओतू नका. औषधानंतर जिवंत किती राहिले हे बघायचं तर कल्चर करावं लागतं, म्हणजे थाळीत वाढवून बघावं लागतं.

म्हणून खरवडलेलं दोन भागांत द्यावं. एका कुपीत ९५ टक्क्यांचं इथेनॉल, ती डीएनएसाठी. दुसरीत अल्कोहोल नाही, नुसतं निर्जंतुक पाणी किंवा त्यांनी दिलेलं द्रावण, ती कल्चरसाठी. दुसरी बर्फाच्या डब्यात ठेवून लवकरात लवकर पोचवायची. हाताला लावायचं सॅनिटायझरचं जेल अजिबात वापरू नका, त्यात घट्ट करणारी द्रव्यं असतात. आणि एकाच जागी ॲसिड आणि ब्लिचिंग कधीही एकत्र करू नका, टाकीतही नाही, नळीतही नाही. विषारी क्लोरीन वायू निघतो. हे नमुन्याशी संबंधित नाही, पण लिहायची संधी सोडवत नाही.

आणखी एक कुपी लागते, ती कोरी. काडी पाकिटातून काढायची, हवेत धरायची, कशालाही न लावता कुपीत टाकून बंद करायची. तीही बाकीच्यांबरोबर जाते. शेतकऱ्याला हे समजवायला वेळ लागत नाही. औषधाच्या प्लॉटमध्ये आपण एक ओळ बिनफवारणीची सोडतो ना, तसंच. कोऱ्या काडीतही तोच जिवाणू निघाला तर समजायचं की तो हातावरून, हवेतून नाहीतर प्रयोगशाळेतूनच आला, नळीतून नाही. यंत्राची नजर एवढी बारीक असताना कोरी कुपी नसेल, तर तो रिपोर्ट मी तरी वाचणार नाही.

जगात डीएनए पहिल्यांदा सापडला तोही खरवडून-धुवूनच. १८६९ साली जर्मनीतल्या ट्युबिंगन गावी मिशर नावाचा तरुण डॉक्टर दवाखान्यातल्या जखमांच्या पू लागलेल्या पट्ट्या गोळा करायचा. सोडियम सल्फेटच्या पाण्यात धुऊन त्यावरच्या पेशी सुट्या करायचा आणि त्यातून त्यानं एक नवाच पदार्थ काढला, तोच पुढं डीएनए म्हणून ओळखला गेला. सडलेली पट्टी तो घ्यायचा नाही, ताजीच घ्यायचा. दीडशे वर्षं झाली, नमुना ताजा पाहिजे आणि तो कापडावरून नीट सुटला पाहिजे, या दोन गोष्टी काही बदलल्या नाहीत.

आता उलट बाजू. प्रत्येक बुळबुळीला डीएनए टेस्ट लागत नाही, आणि टेस्ट विकणाऱ्यांच्या नादी लागायचं कारण नाही. नळीतून तांबूस, गंजासारखा लगदा निघत असेल तर बहुतेक ते लोहाचे जिवाणू आणि पाण्यातलं लोह. विहिरीच्या पाण्यावर तेलासारखा तवंग दिसला तर काडीनं हलवून बघा. तुकडे तुकडे होऊन वेगळे राहिले तर तो जिवाणूंचा तवंग, फिरून एक झाला तर तेल. फुकटात कळतं. त्यासाठी पैसे घालू नका. तेल्याचंही तसंच. फळावर काळे डाग, इंग्रजी वाय किंवा एल सारखे तडे, पानावर तेलकट ठिपका, हे जाणत्या डोळ्याला ओळखू येतं.

टेस्ट लागते ती डोळ्याला दिसत नाही तिथं. गुटी विकत घेताना. दुसऱ्याच्या बागेतून आलेल्या छाटणीच्या टोळीची कात्री आपल्या झाडाला लागण्याआधी. तेल्या पसरतो तो मुख्यतः रोगट रोपांतून, पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून आणि अवजारांतून. कात्रीच्या पात्यावर झाडाचा चीक वाळून बसतो, त्याखाली जिवाणू राहतात. ती कात्री हायपोक्लोराइटच्या डब्यात एक सेकंद बुडवून काढली की टोळीवाला म्हणतो झालं निर्जंतुक. चिकाच्या थराखाली औषध पोचतच नाही, आणि चीकच क्लोरीन खाऊन टाकतो. आधी घासून चीक काढा, मग बुडवा. आणि तपासायचीच असेल तर बुडवण्याआधी, बिजागरीतला चीक खरवडून द्या. दूधवाल्यांनीही कॅनच्या झाकणाच्या रबराखाली आणि मशीनच्या लायनरमध्ये बोट घालून बघावं. दगडीची गाय बरी होते आणि पुन्हा पुन्हा पडते, तिथं फक्त दूध तपासून थांबू नये.

हा प्रश्न आपल्या तालुक्यात आत्ताच का काढला? कारण पाणी बदललंय. निळवंड्याच्या डाव्या कालव्यात २०२३ साली पाणी आलं. तळेगाव दिघेकडच्या ज्या शिवारांनी पिढ्यान् पिढ्या टँकर बघितले तिथं आता शेततळी भरतायत आणि ड्रीप वाढतंय. बोअरचं पाणी क्षाराचं होतं, त्यात ॲसिडनं भागत होतं. कालव्याचं, उघड्या शेततळ्याचं पाणी गाळ, शेवाळ आणि जिवाणू घेऊन येतं. जुन्याच सवयीनं ॲसिड ओतत राहिलो तर खर्च वाढेल आणि नळ्या दोन वर्षांत भंगारात जातील.

माती परीक्षणाचं बघा. व्ही आकाराचा खड्डा, कडेची खरवडलेली माती, वेगवेगळ्या जागांची एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, शेवटी अर्धा किलो. हे आज शाळेतलं पोरगंही सांगतं. कारण कृषी सहायकांनी, विद्यापीठानं, विज्ञान केंद्रांनी ते वर्षानुवर्षं घोकून घेतलं. बुळबुळीच्या नमुन्याचं असं एक साधं पत्रक मला कुठं दिसलं नाही. राहुरीला १९६८ पासून विद्यापीठ आहे, बाभळेश्वरला कृषी विज्ञान केंद्र आहे, सोलापूरला खास डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, पुण्यात सूक्ष्मजीवांवर काम करणाऱ्या मोठ्या संस्था आहेत. २०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं की खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव त्याला कारण आहेत. म्हणजे ज्ञान महाराष्ट्रात आहे. ते लॅटरलपर्यंत उतरत नाही.

कृषी शास्त्रातली मंडळी हे पान वाचतात म्हणून त्यांना सरळ सांगतो. शेतकरी नमुना चुकीचा आणतो ही तक्रार तुमच्याकडून ऐकली आहे. बरोबर असेल. पण त्याच्या हातात काय दिलंत? एक पाकीट द्या. त्यात दोन काड्या, एक पातं, खुणेच्या तीन कुप्या, हातमोजे आणि मराठीत एक चिठ्ठी. चिठ्ठीवर पाच रकाने: कुठून काढला, कशानं खरवडला, किती जागेवरून, आधी पंधरा दिवसांत नळीतून काय काय सोडलं, काढल्यापासून किती तासांत पोचला. आणि तेच रकाने रिपोर्टवरही छापा. नुसतं 'जिवाणू आढळले' एवढ्या एका ओळीचे पैसे घेऊ नका. पाकिटाचे पैसे आम्ही देऊ. एका ॲसिडच्या कॅनपेक्षा ते जास्त होणार नाहीत असा माझा अंदाज आहे.

ते मिळेपर्यंत आपल्या हातात आहे तेवढं करू. हस्त बहाराची छाटणी ज्यांची यायची आहे त्यांनी टोळी येण्याआधी, आणि नळीत काहीही सोडण्याआधी, शेवटच्या ओळीचा सहा सेंटिमीटरचा तुकडा कापा, उभा चिरा आणि उजेडात धरून आतला रंग बघा. तांबूस आहे, काळा आहे, की पांढरट शेंबडासारखा, ते वहीत तारखेसह लिहा. तुकडा फेकून देऊ नका. स्वच्छ पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच केंद्रात घेऊन जा.